वाकलं का दिसते

डॉक्टर उरकुडे यांची ओपीडीतली खुर्ची मी नोकरीला लागले त्या दिवशी जशी होती तशीच नऊ वर्षांनी मी नोकरी सोडली तेव्हाही होती. तिच्या पाठीवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलेलं नव्हतं. तिच्यावर रुग्णांच्या पिशव्या बसल्या, कागदांचे गठ्ठे बसले, एकदा एक कोंबडीही बसली. डॉक्टर कधी बसले नाहीत.

आमचा दवाखाना गडचिरोलीतल्या एका छोट्या ट्रस्टचा. डोळे, हाडं आणि बाळंतपणं असे तीनच विभाग, एकाच लांब व्हरांड्यावर. डॉक्टर उरकुडे तिथले एकटे डोळ्यांचे सर्जन आणि मी त्यांची ऑपरेशन थिएटरची सिस्टर. सकाळी नऊला त्यांचं चालणं सुरू व्हायचं. एका रुग्णाच्या डोळ्यात औषध टाकलं की ते मुरेपर्यंत व्हरांड्याच्या दोन फेऱ्या. तपासायच्या मशीनपाशी स्टुलावर टेकायचे तेही अर्धेच, एक पाय निघायच्या तयारीत. चहाचा ग्लास हातात घेऊन फिरायचे आणि जिथे दुसरं काही आठवेल तिथे तो ठेवून द्यायचे. खिडकीत, जनरेटरवर, बाळंतिणींच्या वॉर्डातल्या पाळण्यात. संध्याकाळी आमचा शिपाई ग्लास गोळा करायला निघायचा तेव्हा तो काय पुटपुटायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग यायचा. मी चंद्रपूरची, शिस्तीत शिकलेली. वस्तू जागच्या जागी आणि माणूसही जागच्या जागी, असं मला आवडतं. या माणसाला शोधायला दिवसातून दहा वेळा पळावं लागायचं. फक्त थिएटरमध्ये, मायक्रोस्कोपखाली हात गेले की ते थांबायचे. तेवढा वेळ त्यांचा खांदासुद्धा हलत नसे. शेवटची पट्टी लागली की पुन्हा, "चला, चला, चला."

ते मूळचे आरमोरीकडचे, धानवाल्या घरातले. शिक्षण नागपूरला झालं, पण रुग्णांशी बोलताना भाषा गावाचीच. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तक्ता माझ्यासाठी, कागद भरायला. ते स्वतः एकच प्रश्न विचारायचे, "काम कोनतं अडलं?"

आणि त्या प्रश्नाला उत्तरं मिळायची. कोणी सांगे, जाळ्याची गाठ मारता येत नाही. कोणी सांगे, मोहफुलातला कचरा दिसत नाही. एक म्हातारबुवा बराच वेळ विचार करून म्हणाले, "काई नाई अडलं. नातीच्या डोक्यातल्या उवा तेवढ्या सापडत नाईत." डॉक्टरांनी कागदावर खरंच 'उवा' असं लिहिलं, आणि ऑपरेशनच्या आठवड्यानंतर त्या नातीलाच बोलावून घेतलं. कपाटात एक सूप ठेवलेलं असे, त्यात तांदूळ आणि मोजून वीस बारीक खडे. मोतीबिंदू काढलेली बाई तपासणीला आली की तिच्या हातात सूप. वीसपैकी अठरा निवडले की पास. एका बाईनं एकवीस काढून दाखवले, तेव्हा शिपायानं आणलेल्या त्या तांदळावरून त्याचं आणि डॉक्टरांचं चांगलंच वाजलं.

हेमलकशाच्या बाजूला शिबिर होतं तेव्हाची गोष्ट. एसटीत जागा असूनही डॉक्टर दारापाशी उभे. आलापल्लीला गाडी थांबली तशी ते उतरले, कारण टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा डोळा त्यांना लाल दिसला. त्याची पापणी उलटवून बघत असतानाच गाडी सुटली. मी आत, मांडीवर ऑपरेशनच्या हत्यारांची पेटी, आणि कंडक्टरला ओरडून सांगतेय की अहो, डॉक्टर राहिले. तो म्हणाला, "डाक्टर नेहमीच राह्यतेत, ताई. येतेत मांगून." आम्ही पोचलो तर ते आमच्या आधी पोचलेले. मासे विकणाऱ्याच्या मोटारसायकलवर, टोपलीच्या मागे बसून आलेले. दिवसभर अंगाला वास. रुग्णांना त्याचं काही वाटलं नाही. मला मळमळत होतं.

हे सगळं हसून सांगण्यासारखं आहे, आणि मी अनेकदा सांगितलंय. एक गोष्ट मात्र मी हसून सांगत नाही. त्यांना कोणाचंही वाक्य शेवटपर्यंत ऐकवत नसे. रुग्ण अर्ध्यावर असताना त्यांना उत्तर कळलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. म्हणून आम्ही कोणी कधी काही बोललो नाही.

सायत्राबाई आम्हाला पहिल्यांदा भेटली, म्हणजे माझ्या आठवणीत पहिल्यांदा, आरमोरीपलीकडच्या तिच्या गावातल्या शिबिरात. वय पासष्टच्या पुढे. तरुणपणी धानाचं पातं लागून डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, तो डोळा कायमचा गेलेला. उजव्यातला मोतीबिंदू सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच काढून आत भिंग बसवलेलं. म्हणजे तिच्याजवळ होता तो एकच डोळा, आणि तोही आमच्या हातचा.

ग्रामपंचायतीच्या खोलीत संध्याकाळ होत आली होती. बाहेर अजून तीस-चाळीस माणसं बाकी होती. ती म्हणाली, "डाक्टर साहेब, वाकलं का दिसते, आन उभं झालं का..."

डॉक्टरांनी डोळ्यावर टॉर्च मारली, "वय झालं बाई," म्हणाले आणि पुढच्याचा कागद हातात घेतला. बाहुली मोठी करायचं औषध टाकून बघायला अर्धा तास लागला असता. मी तिच्या कागदावर 'वयोमान' लिहिलं आणि थेंबांची बाटली दिली. मला हसूही आलं होतं. वाकलं की दिसतं! मी ते गाडीत ड्रायव्हरला सांगितलंसुद्धा.

आठ महिन्यांनी, ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एक बाई आमच्या व्हरांड्यात कमरेत पार वाकून चालत आली. मी तिला ओळखलं नाही. कागद न बघताच म्हटलं, "मावशी, हाडवाले डॉक्टर तिकडे, शेवटची खोली." ती बिचारी गेली. तासभर त्या रांगेत बसली. तिथे तिच्या कमरेचा फोटो काढला, कमरेत काही नाही असं सांगितलं आणि परत पाठवली.

परत येताना ती पुन्हा वाकलेली. डॉक्टर नेहमीप्रमाणे समोरून फेरी मारत येत होते. कोणाच्या तरी पोराच्या गळ्यातला काळा मणी फरशीवर पडला होता, बाजरीच्या दाण्याएवढा. ती थांबली, तो तिनं चिमटीत अचूक उचलला, द्यायला म्हणून सरळ उभी राहिली आणि पाऊल टाकलं तशी थेट लोखंडी खांबावर आदळली.

डॉक्टर जागच्या जागी उभे राहिले. मी नऊ वर्षांत त्यांना असं उभं राहिलेलं तेवढंच पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "पुन्हा वाक."

ती वाकली. "आता काय दिसते?"

"तुह्यी चप्पल. अंगठा तुटला हाये तिचा, खिरा ठोकला हाये."

"उभी राह्य. आता?"

"आता पांढरं. सारं पांढरं."

ते फरशीवर उताणे झोपले. भर ओपीडीत, रांगेसमोर, पांढऱ्या कोटासकट. तिला आपल्यावर वाकायला सांगितलं, माझ्याकडून टॉर्च मागून घेतली आणि खालून वर तिच्या डोळ्यात बघितलं. मीही गुडघे टेकून बघितलं. बाहुलीच्या मागे भिंगाची कड चमकत होती. आत बसवलेलं भिंग एका बाजूनं सुटलं होतं आणि एकाच बिजागरीवरच्या दारासारखं लोंबत होतं. ती उभी राहिली की ते मागे पडायचं. ती वाकली की झुलत पुढे यायचं, बाहुलीसमोर बसायचं आणि तिला दिसायचं. ती आठ महिन्यांपूर्वी जे सांगत होती ते अक्षरशः तसंच होतं.

डॉक्टर बराच वेळ उठले नाहीत. मग झोपल्या झोपल्याच म्हणाले, "सिस्टर, शिबिराचा कागद काढा." मी काढला. 'वयोमान' हे माझंच अक्षर होतं.

भिंग असं सरकणं ही कोणाची चूक नसते. वर्षं गेली की त्याला धरून ठेवणारी पिशवी कधी कधी ढिली होते. पण आठ महिन्यांपूर्वी ते जेमतेम सुटायला लागलं असणार. तेव्हा टाके घालणं सोपं होतं. आता उरलेली बिजागरी तुटली तर भिंग डोळ्याच्या तळाशी जाऊन पडणार होतं, मग नागपूर, मोठं ऑपरेशन, आणि एकुलता एक डोळा राहील की जाईल हे कोणी सांगू शकलं नसतं.

हे सगळं तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मले आपरेशन नाई पायजे."

"काऊन?"

"रोवना चालू हाये. रोवन्यात मले सारं दिसते. रोप दिसते, रोपाची ओर दिसते, पानी दिसते. उभं राहून मले काय पाहाचं हाये? माह्यं सारं काम खालीच हाये."

डॉक्टरांच्या स्वतःच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. तिचं काम अडलेलं नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे झाले.

"बाई, तू मले शिबिरात सांगितलं होतं. तू अर्धं बोलली आन म्या पुढच्याचा कागद घेतला. माह्यी चूक झाली. तवाच पायलं असतं तं हे एवढं वाढलंच नसतं. आता नागपूरले चल, तिथी माह्यापेक्षा मोठे डाक्टर हायेत. मी संग येतो."

तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"नागपूर नाई," ती म्हणाली. "करशीन तं तूच करशीन बापू. दुसरा डाक्टर मले पुन्हा उभंच करून पायन. पन रोवना झाल्यावर."

पुढचे दिवस डॉक्टरांनी आम्हाला नको करून सोडलं. तिला पालथं झोपायला सांगितलं होतं, ती झोपते का? मान झटक्यानं वर करू नको सांगितलं होतं, तिला ते आठवतं का? दर एक दिवसाआड दुपारी मोटारसायकल काढून ते तिच्या धानाच्या बांधीवर जायचे. मी एकदा सोबत गेले. धानाच्या चिखलात पँट गुडघ्यापर्यंत वर करून शहाणासुरता माणूस बाईच्या तोंडाखाली टॉर्च घेऊन वाकलेला, आणि बाकीच्या बाया हसून लोळायच्या बेतात. एक म्हणाली, "डाक्टर, खाली आलाच हायेस तं एक ओर रोवून दे ना." त्यांनी खरंच चार रोपं रोवली. वाकडी रोवली. सायत्राबाईनं ती न बोलता उपटून पुन्हा रोवली.

सहाव्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात आली. रोवणीचे दोन दिवस अजून बाकी होते. सून हात धरून होती.

"आज वाकलं तं लवकर नाई आलं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "रोपाची जुडी तशीच हाती. मी म्हटलं आता येईन, मंग येईन. बाया पुढं निंगून गेल्या. लय वेरानं आलं."

त्या एवढ्याशा वेळात तिला काय वाटलं असेल ते मला तिच्या सुनेच्या तोंडावर दिसलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, टेबल लावा."

अडचण एवढीच होती की डोळ्याचं ऑपरेशन उताणं झोपवून करतात, आणि ती उताणी झोपली की भिंग मागे पडणार. कदाचित कायमचं. डॉक्टर थिएटरबाहेर फेऱ्या मारत होते. मध्येच थांबून मला म्हणाले, "तिले रोवनी करू द्या."

मला वाटलं यांचं डोकं फिरलं.

बाहुली मोठी करायचे थेंब आधीच टाकले होते. तयारीच्या खोलीत तिच्यासमोर, तोल गेला तर धरायला, एक ठेंगणं स्टूल ठेवलं. "वाक बाई, आन रोव."

"इथी रोप नाई, चिखल नाई. कायची रोवनी?" ती म्हणाली, पण वाकली, आणि वाकल्यावर तिचे हात आपोआप चालायला लागले. मी आणि डॉक्टर खाली फरशीवर, दोघंही उताणे. तिच्या बोटांच्या हालचाली आमच्या नाकावर. भिंग येत नव्हतं. तिलाही ते कळत होतं, कारण तिला काही दिसत नव्हतं. तरी हात थांबत नव्हते. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि त्याचबरोबर मला आठवत होतं की मी हिच्यावर हसले होते. मग तीच म्हणाली, "सिस्टर, तुह्या कपारावर घाम आला हाये."

भिंग पुढे आलं होतं, मोठ्या झालेल्या बाहुलीतून अर्धं बाहेर. मी बाहुली बारीक करायच्या औषधात भिजवलेली कापसाची वात खालून तिच्या पापणीत सरकवली. वीस मिनिटं ती तशीच वाकून राहिली. बाहुली हळूहळू आवळत गेली आणि भिंग तिच्यात अडकलं. मग आणखी दोघांना बोलावून आम्ही चौघांनी तिला उचलून, कूस बदलत, हळूहळू उताणी केली. डोकं डॉक्टरांच्या दोन हातांत. भिंग जागचं हललं नाही. डॉक्टर मायक्रोस्कोपपाशी बसले आणि केसाहून बारीक धाग्यानं भिंगाचे दोन्ही पाय बाहुलीभोवतीच्या पडद्याला बांधून टाकले. दोन टाके. मला वाटतं, त्यांनी त्या वेळात श्वासही घेतला नसावा. पट्टी लावताना मला रडू आलं आणि मास्कमुळे ते कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ती उभी होती. समोर बघत म्हणाली, "दिसते." सगळे हसले, सून रडली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला महिनाभर वाकायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं.

कारण उभ्यानं दिसणं तिनं मागितलंच नव्हतं. तिचं काम खाली होतं. वाकल्यावर ते टाके धरतील का, हे वाकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि वाकायचं तर नव्हतं. तो महिना डॉक्टरांनी कसा काढला ते आम्हीच जाणतो. बोलता बोलता मध्येच विचारायचे, "सिस्टर, धरन ना?" मी म्हणायची, धरेल. अर्ध्या तासानं पुन्हा. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, मी काय टाका आहे का?" ते सॉरी म्हणाले, आणि पुढच्या फेरीत पुन्हा विचारलं.

महिन्यानं ती आली तो माझा तिथला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला नव्या नोकरीवर हजर होणार होते. डॉक्टरांनी तिला मशीनवर तपासलं. टाके ठीक होते. आता तिला वाकायला सांगायचं होतं आणि ते त्यांना सांगवेना. बाहेर गेले, आत आले, चहा मागवला, तो आलेला बघितलाही नाही. व्हरांड्यात रांग ताटकळत होती.

"मी वाकू का?" तिनंच विचारलं.

ती वाकली. रोवणीत वाकते तशी, पार कमरेतून, हात फरशीजवळ. डॉक्टर टॉर्च घेऊन तिच्याबरोबर खाली गेले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला.

"दिसते," ती खालून म्हणाली.

"उठ."

दोघं उठले. "दिसते."

"पुन्हा."

दोघं वाकले. दोघं उठले. रांगेतले लोक बघायला लागले, कोणी तरी मोजायला लागलं. पाच वेळा, सहा वेळा. दर वेळी ती म्हणायची "दिसते", आणि दर वेळी डॉक्टर टॉर्च मारून बघायचे आणि म्हणायचे, पुन्हा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात रिकामे नव्हते. माझी बस होती. पिशवी खांद्यावर घेऊन मी व्हरांड्याच्या टोकाला उभी होते, निरोप घ्यायला मध्ये जावं की नाही ते कळत नव्हतं.

"आता पुरे कर गा बापू," सायत्राबाई म्हणाली. "डोरा ठीक हाये. कंबर मोडन माह्यी."

"एकदा. आखरी," डॉक्टर म्हणाले.

आणि ती पुन्हा वाकली.